सीईटीचा अभ्यास : आधी सोडवा, मग पुन्हा वाचा

दहावीनंतर विज्ञान शाखा घेतलेल्या महाराष्ट्रातल्या मुलामुलींपुढे दोन वर्षांत किमान दोन मोठ्या परीक्षा असतात : बोर्डाची बारावी आणि राज्याची एमएचटी-सीईटी. त्यात अनेक जण जेईई किंवा नीटची भर घालतात. मग घरोघरी चर्चा सुरू होते ती क्लास कोणता लावायचा आणि रोज किती तास बसायचे याची. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण निकाल ज्यावर ठरतो तो प्रश्न मात्र फार कमी घरांत विचारला जातो : या तासांमध्ये विद्यार्थी नेमके करतो काय? लेक्चर ऐकणे, नोट्स उतरवणे, त्या रंगीत पेनाने अधोरेखित करणे आणि पुन्हा पुन्हा वाचणे यात बहुतेक वेळ जातो. पुस्तक मिटून स्वतः आठवणे आणि प्रश्न सोडवणे हे शेवटच्या महिन्यावर ढकलले जाते. माझे म्हणणे असे की हा क्रम उलटा करायला हवा. प्रश्न सोडवणे ही अभ्यास झाल्यानंतरची तपासणी नव्हे, तोच अभ्यासाचा मुख्य भाग आहे, आणि त्याची सुरुवात अकरावीच्या पहिल्या धड्यापासून व्हायला हवी.

आधी परीक्षेकडे पाहू. सीईटीच्या आतापर्यंतच्या रचनेत पीसीएम गटाला भौतिकशास्त्राचे 50 आणि रसायनशास्त्राचे 50 असे 100 प्रश्न 90 मिनिटांत सोडवावे लागतात. प्रत्येकाला एक गुण. त्यानंतरच्या 90 मिनिटांत गणिताचे 50 प्रश्न, प्रत्येकी दोन गुणांचे. पीसीबी गटाला गणिताऐवजी जीवशास्त्राचे 100 प्रश्न असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. हिशेब केला तर भौतिक-रसायनच्या एका प्रश्नाला 54 सेकंद मिळतात आणि गणिताच्या प्रश्नाला 108. या 54 सेकंदांत प्रश्न वाचायचा, तो कोणत्या प्रकरणातला हे ओळखायचे, सूत्र आठवायचे, आकडेमोड करायची आणि पर्यायावर क्लिक करायचे. ‘वाचल्यासारखे वाटतेय’ एवढ्यावर इथे काहीच मिळत नाही. जे क्षणात आठवते तेवढेच कामाला येते.

बारावीच्या भौतिकशास्त्राचा पहिलाच धडा घ्या, रोटेशनल डायनॅमिक्स. बोर्डाच्या पेपरात घरंगळणाऱ्या वस्तूच्या गतिज ऊर्जेचे सूत्र सिद्ध करायला सांगतात. पायऱ्या नीट लिहिल्या की गुण मिळतात. त्याच धड्यावर सीईटीसारख्या परीक्षेत असे विचारता येते : एकाच उतारावरून एक चकती आणि एक भरीव गोल न घसरता घरंगळत येतात, तर त्यांच्या त्वरणांचे गुणोत्तर काय? त्वरण म्हणजे ‘जी साइन थीटा’ला (1 + के²/आर²) ने भागायचे, हे ज्याला आठवते त्याने चकतीसाठी 1/2 आणि भरीव गोलासाठी 2/5 घातले की दोन तृतीयांश आणि पाच सप्तमांश असे दोन आकडे मिळतात, आणि उत्तर येते 14 : 15. हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे. ज्याने तीच सिद्धता पाच वेळा वाचली, पण एकदाही आकडे घालून पाहिले नाहीत, तो मात्र 1/2 चकतीचे की कड्याचे याच गोंधळात अडकतो. दोघांनीही धडा ‘केलेला’ असतो. त्यामुळे ‘धडा झाला’ हे म्हणणे प्रवेश परीक्षेच्या दृष्टीने जवळजवळ निरर्थक आहे.

आठवून लिहिण्याचा परिणाम किती होतो, हे प्रयोगांनी तपासलेले आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी 2006 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने एका सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत उतारा न पाहता आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा नुसते वाचणारे पुढे होते : त्यांना 83 टक्के मजकूर आठवला, दुसऱ्या गटाला 71 टक्के. आठवड्यानंतर चित्र पालटले. वाचणाऱ्यांकडे 40 टक्के उरले होते, आठवून लिहिणाऱ्यांकडे 61 टक्के. विशेष म्हणजे, हे आपल्या चांगले लक्षात राहील असा विश्वास वाचणाऱ्या गटालाच जास्त होता. पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो, आणि ती ओळख आपल्याला ज्ञान वाटू लागते. प्रवेश परीक्षेची तयारी दोन वर्षांची असते, पाच मिनिटांची नव्हे. म्हणून आठवड्यानंतरचा आकडा आपल्या कामाचा.

यावर कोणी म्हणेल, हा तर गद्य उताऱ्यावरचा प्रयोग. गणिताला तो कसा लागू होईल? शंका योग्य आहे. गणितासाठी डग रोरर आणि केली टेलर यांचा 2007 चा प्रयोग पाहावा. घनाकृतींचे घनफळ काढण्याची उदाहरणे एका गटाने प्रकारवार सोडवली, म्हणजे एका प्रकारची सगळी झाली की मग पुढचा प्रकार. दुसऱ्या गटाने ती सरमिसळ करून सोडवली. सराव चालू असताना प्रकारवार सोडवणाऱ्यांची 89 टक्के उत्तरे बरोबर येत होती, सरमिसळ करणाऱ्यांची फक्त 60 टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तर पहिल्या गटाला 20 टक्के गुण आणि दुसऱ्याला 63 टक्के. कारण उघड आहे. उदाहरणसंग्रहात वर ‘खंडशः संकलन’ असे लिहिलेले असले की रीत शोधावीच लागत नाही, ती शीर्षकातच दिलेली असते. परीक्षेत शीर्षक नसते. समोरचे इंटिग्रल प्रतियोजनाने सुटेल की आंशिक अपूर्णांकांनी, हे ओळखणे हेच अर्धे गणित असते, आणि नेमका तोच भाग प्रकारवार सरावात वगळला जातो. 2013 मध्ये जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचे संशोधन एकत्र तपासले, तेव्हा स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागून करणे या दोनच पद्धतींना त्यांनी सर्वाधिक उपयुक्त ठरवले. अधोरेखन आणि पुन्हा वाचन खालच्या गटात गेले. आपल्याकडची बहुतेक मुले नेमके हेच दोन प्रकार सर्वांत जास्त करतात, याची मला खरोखर काळजी वाटते.

आता हे प्रत्यक्षात कसे करायचे? कॉलेजात किंवा क्लासमध्ये एखादा घटक शिकवून झाला की त्याच दिवशी संध्याकाळी पुस्तक उघडण्याआधी कोरा कागद घ्या आणि आठवतील ती सूत्रे, व्याख्या, आकृत्या लिहा. दहा-पंधरा मिनिटे पुरतात. मग पुस्तक उघडून काय राहिले ते दुसऱ्या रंगाने भरा. त्यानंतर त्या घटकावरचे दहा-बारा बहुपर्यायी प्रश्न घड्याळ लावून सोडवा. तीन-चार दिवसांनी त्याच घटकाचे पाच नवे प्रश्न, आणि दोन-तीन आठवड्यांनी आणखी पाच, पण या वेळी दुसऱ्या प्रकरणांच्या प्रश्नांत मिसळून. रविवारचा दीड तास मिश्र पेपरसाठी राखून ठेवा : झालेल्या सगळ्या प्रकरणांतले प्रश्न, मध्ये न उठता, मोबाइल दुसऱ्या खोलीत. पेपर जेवढा वेळ सोडवला तेवढाच वेळ तो तपासायला द्या. इथेच बहुतेक जण कमी पडतात. गुण मोजले, दोन उत्तरे पाहिली आणि पेपर बाजूला ठेवला, असे होते. पेपरातला सर्वांत मौल्यवान भाग म्हणजे चुकलेले प्रश्न, आणि त्यांच्यासाठी एक वेगळी वही हवी. तिच्यात प्रश्न पूर्ण उतरवायची गरज नाही. चूक कोणत्या जातीची, ते एका ओळीत लिहा. संकल्पनाच कळली नव्हती? कळली होती, पण सूत्र आठवले नाही? की सगळे येत असून वाचण्यात किंवा आकडेमोडीत घाई झाली? उदाहरणार्थ : ‘रोटेशनल डायनॅमिक्स. भरीव गोलाऐवजी पोकळ गोलाचे 2/3 घातले. सॉलिड हा शब्द वाचलाच नाही.’ अशा चाळीस-पन्नास नोंदी झाल्या की आपली खोड आपल्यालाच दिसू लागते. पहिल्या जातीच्या चुका जास्त असतील तर पुस्तकाकडे आणि शिक्षकांकडे परत जावे लागेल. दुसऱ्या जातीसाठी कोऱ्या कागदावरची उजळणी वाढवावी. तिसऱ्या जातीला नवा अभ्यास लागतच नाही. प्रश्नातले ‘नाही’, ‘भरीव’, ‘किमान’ असे शब्द अधोरेखित करायची आणि एकके आधी लिहायची सवय लावावी लागते. तीन वेगवेगळ्या दुखण्यांवर ‘आणखी अभ्यास कर’ हे एकच औषध देऊन उपयोग नाही.

पहिला आक्षेप नेहमीचा असतो : आधी सिलॅबस तर पूर्ण होऊ द्या, पेपर मग सोडवू. त्याला परीक्षांचे वेळापत्रकच उत्तर देते. 2025 मध्ये बारावीची लेखी परीक्षा 11 फेब्रुवारी ते 18 मार्च या काळात झाली आणि पीसीबी गटाची सीईटी 9 एप्रिलला, पीसीएमची 19 एप्रिलला सुरू झाली. म्हणजे ‘बोर्ड संपल्यावर सीईटी करू’ म्हणणाऱ्यांच्या हाती तीन ते साडेचार आठवडे होते. त्याआधी जानेवारीत पूर्वपरीक्षा, मग प्रॅक्टिकल आणि जर्नल पूर्ण करण्याची धावपळ. या दिवसांत दोन वर्षांचे विषय पहिल्यांदाच सोडवायला घेणे कोणालाच झेपणारे नाही. जेईई मेनचे पहिले सत्र तर जानेवारीत, म्हणजे बोर्डाच्याही आधी असते. अकरावीचेही तसेच. ‘अकरावीला कोण विचारतो’ हे वाक्य अजून सर्रास ऐकू येते. सीईटीत सुमारे 20 टक्के प्रश्न अकरावीच्या ठरावीक प्रकरणांवर असतात. भौतिक आणि रसायनचे प्रत्येकी दहा आणि गणिताचे दहा दोन-गुणी प्रश्न धरले तर 200 पैकी 40 गुण होतात. जेईई आणि नीटमध्ये तर दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम येतो. शिवाय अकरावीची त्रिकोणमिती कच्ची राहिली की बारावीचे संकलन अडते, ते वेगळेच.

दुसरा आक्षेप बोर्डाचा. बहुपर्यायी प्रश्नांची सवय लागली की लिहिण्याची सवय जाते, असे शिक्षक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. बोर्डाचे गुण दुर्लक्षून चालणार नाही. राज्यातल्या अभियांत्रिकी प्रवेशाला सीईटी कितीही चांगली गेली तरी बारावीच्या संबंधित विषयांत एकत्रित 45 टक्के लागतात. महाराष्ट्रातल्या मागास प्रवर्ग, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांग उमेदवारांना 40 टक्के. एनआयटी आणि आयआयटीसाठी बारावीत 75 टक्के किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये असणे, ही अट सर्वसाधारण गटाला आहे. पण वर सांगितलेली पद्धत बोर्डाच्या विरोधात जात नाही. कोऱ्या कागदावर सिद्धता आठवून लिहिणे हा बोर्डाचाच सराव आहे. आठवड्यातून एकदा दोन दीर्घोत्तरी प्रश्न पूर्ण वाक्यांत, आकृतीसह लिहिले की हातही चालू राहतो. सीईटी राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर असल्यामुळे बालभारतीचे पुस्तक ओळीओळीने नीट वाचणाऱ्याचे दोन्हीकडे भले होते. गाइडच्या ढिगाखाली हे पुस्तक हरवू देऊ नका.

तिसरा आक्षेप मनाचा आहे, आणि तो मला सगळ्यांत गंभीर वाटतो. अर्धवट तयारीत पेपर सोडवले की गुण कमी येतात, मूल खचते, मग पालकही घाबरतात. रोररच्या प्रयोगाचे आकडे याच वेळी आठवावेत : सरावात ज्यांची 40 टक्के उत्तरे चुकत होती, तेच परीक्षेत पुढे गेले. सरावात चुका होत नसतील तर प्रश्न फार सोपे आहेत किंवा ते आधी पाहिलेले आहेत. म्हणून सरावाचे गुण घरात जाहीर करायची, शेजारच्या मुलाशी ताडून पाहायची पद्धत बंद करावी. तुलना करायचीच असेल तर आपल्याच महिन्यापूर्वीच्या पेपराशी करा, आणि तीही चुकांच्या जातीनुसार. पर्सेंटाइलबद्दलही गैरसमज असतो. 95 पर्सेंटाइल म्हणजे 95 टक्के गुण नव्हेत. आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण मिळवणारे किती टक्के आहेत, ते त्यातून कळते. सीईटी अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो, म्हणून गुणांऐवजी पर्सेंटाइल काढतात. पेपर अवघड गेला तर तो त्या सत्रातल्या सगळ्यांनाच अवघड गेलेला असतो. हे आधी माहीत असले तर पहिल्या दहा प्रश्नांत अडखळल्यावर घाम फुटत नाही.

क्लासच्या फीचा प्रश्न टाळता येणार नाही. क्लास लावलेल्यांना वाटते की तिथे टेस्ट होतात, मग वेगळे काय करायचे? टेस्ट होणे आणि टेस्टमधून शिकणे यात अंतर आहे. चुकांची वही क्लास भरून देत नाही, ती विद्यार्थ्यालाच भरावी लागते. लातूर पॅटर्नचे नाव घेताना लोक रात्रीच्या अभ्यासिका आणि कडक शिस्त आठवतात. त्या पद्धतीत सराव परीक्षांना असलेले मोठे स्थान मात्र विसरतात. ज्यांना क्लास परवडत नाही त्यांनी एवढे जाणून घ्यावे की या पद्धतीला पैसे फारसे लागत नाहीत. बालभारतीची आणि एनसीईआरटीची पुस्तके संकेतस्थळांवर मोफत आहेत. जेईई मेनचे जुने पेपर आणि उत्तरसूची एनटीएच्या संकेतस्थळावर मिळतात. दोघे-तिघे मित्र मिळून एकमेकांसाठी दहा-दहा प्रश्न निवडले की आठवड्याचा मिश्र पेपर तयार होतो. अवघड प्रश्न समजावून द्यायला शिक्षक लागतोच. त्यासाठी कॉलेजातल्या सर-मॅडमना आठवड्यातून एकदा चुकांची वही घेऊन भेटा. ‘हे प्रकरण कळत नाही’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘या तीन प्रश्नांत इथे अडलो’ म्हणणाऱ्याला मदत करणे शिक्षकांना सोपे जाते.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी थोडे वेगळे सांगायला हवे. सीईटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे प्रश्न इंग्रजी, मराठी आणि उर्दूत येतात. गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत असतो. जेईई मेन आणि नीट मराठीतही देता येतात, पण भाषांतराबद्दल वाद झाला तर इंग्रजी प्रश्न प्रमाण मानला जातो. तेव्हा अकरावीच्या पहिल्या सहा महिन्यांत कोऱ्या कागदावरच्या उजळणीत प्रत्येक संज्ञा दोन्ही भाषांत लिहा : संवेग आणि मोमेंटम, अपवर्तन आणि रिफ्रॅक्शन, अवकलज आणि डेरिव्हेटिव्ह. इंग्रजी न येणे आणि भौतिकशास्त्र न येणे या दोन गोष्टी स्वतःच्या मनात वेगळ्या ठेवा. अनेक हुशार मुले पहिल्या चाचणीनंतर त्या एकच समजतात आणि विज्ञान सोडून देतात.

परीक्षागृहातले डावपेचही सरावातच शिकावे लागतात. सीईटीत गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. शेवटची दोन मिनिटे त्यासाठी ठेवावीत. जेईई आणि नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला उणे एक. चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील तर उरलेल्या दोनांतून निवडल्यावर सरासरी दीड गुण हाती येतो, तेव्हा उत्तर द्यावे. काहीच सुचत नसेल तर ही सरासरी जेमतेम पाव गुणावर येते, आणि त्यात घालवलेला वेळ वेगळाच. पण आपली ‘खात्री’ कितपत खरी असते? घरच्या पेपरात अंदाजाने दिलेल्या उत्तरांपुढे बारीक खूण करा आणि नंतर त्यातली किती बरोबर आली ते मोजा. दहा पेपरांनंतर तुमच्या अंदाजाची किंमत तुम्हाला कळलेली असेल, आणि ती दुसऱ्या कोणालाही सांगता येणार नाही.

परीक्षांचे नियम, सत्रे आणि अभ्यासक्रम वरचेवर बदलतात. त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या संदेशांवर विसंबू नका. सीईटी सेल आणि एनटीएच्या संकेतस्थळांवरची त्या वर्षीची माहितीपुस्तिका आईवडिलांसोबत बसून एकदा पूर्ण वाचा. आणि पालकांना एक विनंती. मुलगी रात्री बारापर्यंत बसली की अभ्यास झाला, असे धरू नका. तिला झोपू द्या. आठवण पक्की होण्यात झोपेचाही वाटा असतो. सकाळी चहाच्या वेळी ‘काल किती तास बसलीस?’ ऐवजी ‘काल काय चुकले, आणि का?’ असे विचारा, आणि ती सांगेल ते न रागावता ऐकून घ्या.